अधिक्रमित काका

प्रत्येक गावात एक साप धरणारा असतो, एक विहिरीला पाणी दाखवणारा असतो आणि एक निखळलेलं हाड बसवणारा असतो. आमच्या सिंदी रेल्वेत या तिघांखेरीज चौथा एक आहे. तो दहावीचे नियम सांगतो. तो म्हणजे मी. साप धरणाऱ्याचं चुकलं तर तिथल्या तिथं कळतं. माझं चुकलेलं निकाल लागेपर्यंत कळत नाही, आणि निकालाच्या दिवशी मला नेमकं नागपूरला काहीतरी काम निघतं. एवढ्या एका सोयीवर माझी प्रॅक्टिस इतकी वर्षं टिकली.

ही गादी वडिलोपार्जित नाही. मी ती नापास होऊन मिळवली. १९८१ च्या मार्चमध्ये दहावीला बसलो आणि इंग्रजीत ३१ गुणांवर अडकलो. जो पहिल्या झटक्यात पास होतो तो विषय वाचतो. जो अडकतो तो नियम वाचतो. पास झालेल्या विषयांत सूट मिळते म्हणजे काय, फॉर्म कुठे भरायचा, विलंब शुल्क कधीपर्यंत, अतिविलंब शुल्क कधीपासून, शाळा सुटलेल्यांचा १७ नंबरचा फॉर्म कोणता, हे सगळं मी त्या पावसाळ्यात पाठ केलं. तेवढ्या वेळात इंग्रजीही पाठ झालं असतं, असं आमचे वडील म्हणत. ऑक्टोबरात निघालो. पुढे एका अडत्याकडे दिवाणजी लागलो, तुरीच्या आणि सोयाबीनच्या कट्ट्यांचा हिशेब लिहिला, पण गावात नाव झालं ते ‘परीक्षेचं समजते बाप्पा त्याले’ असं.

रोज संध्याकाळी बायको दळणाचा डबा हातात देते. चक्कीवर जायला स्टेशनच्या रस्त्याने जावं लागत नाही, तरी मी त्याच रस्त्याने जातो, कारण चहाची टपरी तिथे आहे. वर्धा-नागपूर गाड्यांनी जाणारे-येणारे मायबाप तिथे गाठ पडतात. एक जण विचारतो, मी सांगतो, दुसरा थांबतो, मी आणखी सांगतो. डबा बाकाखाली राहतो आणि चक्की बंद होते.

माझं ज्ञान इतकी वर्षं चाललं याचं कारण नियम चालत होते. अकरावीची जुनी मॅट्रिक गेली, १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि त्यानंतर पस्तीसला पास, मार्चला परीक्षा, राहिलं तर ऑक्टोबर, एवढ्या भांडवलावर माणूस म्हातारा होऊ शकत होता. मी तर त्याच बेतात होतो. तेवढ्यात सरकारला सुधारणेची हुक्की आली. २०१० साली ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ निघालं, म्हणजे चांगल्या पाच विषयांचेच गुण धरायचे. ते हायकोर्टात पडलं, सुप्रीम कोर्टात उठलं. मी टपरीवर ते पडल्याचं सांगितलं. उठल्याचं सांगायच्या आत प्रवेश होऊन गेले होते. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण लोकांनी विचारणं थांबवलं नाही, आणि विचारलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

२०१५ चा जून. आमच्या गल्लीतला एक पोट्टा गणितात गेला. बाप घाबराघुबरा होऊन टपरीवर आला. मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हटलं, “घाबरतो कायले? ऑक्टोबरात बसव. आता पोट्ट्याले वावरात ने, सोयाबीन पेरून घे. दसऱ्याच्या आधी आठ दिवस गणितं केली का झालं.” बाप निर्धास्त झाला. पोट्टा तर फारच निर्धास्त झाला. जुलै संपत आला तसा बाप पुन्हा आला.

“काका, परीक्षा सुरू झाली म्हणते.”

“कोणाची?”

“दहावीची. नापास पोट्ट्यायची.”

त्याच वर्षापासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरातून उचलून जुलैत आणली होती, म्हणजे मुलाचं वर्ष वाया जाऊ नये. निर्णय चांगला होता. वर्ष वाचवण्याचा निर्णय आणि वर्ष घालवणारा सल्ला एकाच महिन्यात निघाले, एक मुंबईहून आणि एक टपरीवरून. पोट्ट्याच्या बापाला टपरी जवळ पडली. त्या साली त्यांचं सोयाबीन मात्र गावात सगळ्यात आधी पेरून झालं होतं, हे मी त्यांना अजूनही भेटलो की आठवणीने सांगतो. ते काही बोलत नाहीत.

यानंतर मी ठरवलं की तारखांच्या भानगडीत पडायचं नाही, गुणांवर लक्ष द्यायचं. दहावीला पेपराबाहेरचेही गुण असतात. इंटरमीजिएट ड्रॉइंगला अ श्रेणी आली तर ७, ब ला ५, क ला ३. खेळाचे वेगळे. आणि मधल्या काळात लोककलेचेही सुरू झाले. लोककला म्हटल्यावर माझे डोळे चमकले. लोककलेत आमच्या भागाला कोण शिकवणार? आमच्या गावचा तान्हा पोळा बघायला दूरदूरची माणसं येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांच्या हातातल्या वीतभर लाकडी बैलापासून चाकांवर ओढायच्या भल्यामोठ्या नंदीपर्यंत सगळे रस्त्यावर उतरतात. ठरवलं, आपल्या गल्लीतल्या दहावीच्या पोट्ट्यांची दंडार बसवायची, तान्ह्या पोळ्याला नाचवायची आणि पोरांच्या गुणपत्रिकेत थेट भर घालायची.

दंडारीत नाच्या लागतो. एकही पोट्टा लुगडं नेसायला तयार होईना. “व्हिडिओ निघते काका,” एवढंच एकमुखाने सांगितलं. शेवटी लोककलेच्या रक्षणार्थ मीच नेसलो. बायकोने नेसवून दिलं. नेसवताना ती हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मिरवणुकीत ढोलकी वाजली, पोरांनी रिंगण धरलं, मी आत गिरक्या घेऊ लागलो. लोक थांबून बघत होते. माझ्या अंगात आलं. एक गिरकी जरा मोठी घेतली आणि मागच्या नंदीची वाट अडवली. नंदी माणसाच्या छातीएवढा, चाकं लोखंडी, आणि ओढणारी तरणी पोरं बँडच्या नादात. लुगड्याचा काष्टा सुटून पदरासकट चाकात गेला. नंदी पुढे निघाला आणि मी जागच्या जागी उलटा फिरत सुटा होऊ लागलो. नऊवार म्हणजे नेमकं किती, याचा अंदाज मला तेव्हा आला. शेवटच्या वळशाला मी पट्ट्यापट्ट्याची चड्डी, कपाळावर टिकली आणि डोक्यावर गजरा, अशा वेशात भर रस्त्यात उभा होतो. माझं लुगडं नंदीच्या मागे फरफटत चालू लागलं, आणि लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या.

टाळ्यांचं मला दुःख नाही. दुःख पुढच्या आठवड्याचं आहे. मी घरी संगणकावर रंगीत प्रमाणपत्रं छापून घेतली होती, खाली ‘अध्यक्ष’ म्हणून माझीच सही. ती घेऊन पोरांच्या सरांकडे गेलो. सरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि सौम्यपणे सांगितलं की प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचं लागतं आणि प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत शाळेमार्फतच जातो. “तुमच्या मंडळाला मान्यता आहे का?” माझ्या मंडळाला माझ्या घरातही मान्यता नव्हती. बाहेर पोट्टे उभे होते. त्यातल्या एकाने विचारलं, “काका, तुमी जसे पळाले घराकडे, त्याचे खेळाचे तरी भेटतीन का?”

तरी मी हटलो नाही. गावात एक नात्यातली पोट्टी दहावीला होती, तिची आई चिंतेत. मी म्हटलं, भाषांची चिंताच करू नको. प्रत्येक भाषेत तोंडीचे, अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्या हातात. ते पदरात पडल्यासारखेच. पोरीने सगळा जोर गणितावर लावला. हे २०१८-१९ चं वर्ष, आणि नेमके त्याच वर्षी ते २० गुण काढून टाकले होते. भाषेचा पेपर सरळ शंभराचा. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर घसरला. आमचा नागपूर विभाग तर राज्यात सगळ्यात खाली, ६७.२७. या घसरगुंडीला माझा हातभार किती, हे मंडळाने जाहीर केलं नाही, त्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. पोरगी गणितात उत्तम आणि मराठीत काठावर पास झाली. तिची आई त्या दिवसापासून टपरीच्या दुसऱ्या बाजूने जाते.

बरं, यातून मी धडा घेतला. माझं वाईट याच्यातच आहे की मी धडा घेतो. पुढच्या वर्षी एका भाच्याला मी छातीठोक सांगितलं, “तोंडी-बिंडी सगळं बंद झालं. शाळेत त्याच्यासाठी थांबू नको, घरी येऊन लिहायचा सराव कर.” तिकडे ऑगस्ट २०१९ मध्ये तेच २० गुण परत आले होते. काढले, निकाल पडला, ओरड झाली, पुन्हा दिले. नियम रद्द झाल्याची खबर माझ्यापर्यंत पोचायला वर्ष लागलं. रद्द झालेला नियम परत आल्याची पोचायला दुसरं वर्ष लागणार होतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी भाचा माझ्या ओसरीवर बसून निबंध लिहीत होता. शाळेतून कोणीतरी सायकलवर बोलवायला आलं म्हणून वाचला. त्याच भाच्याकडून मी भूगोलाचे नकाशे महिनाभर घोटून घेतले होते, कारण नकाशाचे गुण हमखास असतात. मार्च २०२० मध्ये करोना आला आणि भूगोलाचा तेवढा एकच पेपर रद्द झाला. गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले. राज्याचा निकाल ९५.३० टक्के. भाचा म्हणाला, “मामा, तुमी ज्याले हात लावता ते रद्द होते. पुढच्या वर्षीच्या पोट्ट्यायले इंग्रजी शिकवा न.”

२०२४ मध्ये मात्र मी शासनालाही मागे टाकलं. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक गोष्ट पेपरात आली: गणित-विज्ञानात ३५ नाही मिळाले, नुसते २० मिळाले तरी अकरावीला जाता येईल, फक्त गुणपत्रिकेवर शेरा येईल की पुढे गणित-विज्ञानाची वाट बंद. आता इतकी वर्षं मागे राहिल्यावर माणसाने काय करावं? मी पेपर घेऊन सरळ टपरीवर उभा राहिलो आणि जाहीर केलं, “वीसला पास!” टपरीवाल्याने स्वतःहून चहा दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हे नवा अभ्यासक्रम लागू होईल तेव्हा. शेवटच्या ओळी मी वाचत नाही. पुढच्या निकालात एका पोट्ट्याला गणितात २२ मिळाले. तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी एक खाल्लाही. पस्तीसचा नियम जागच्या जागी होता. आयुष्यात पहिल्यांदा मी नियमाच्या पुढे धावलो आणि तिथंही तोंडावर पडलो. संध्याकाळी प्रायश्चित्त म्हणून त्याच्या घरी गेलो, म्हटलं फेरपरीक्षेचं सांगावं. त्याची माय म्हणाली, “फारम भरला काका. आता जून-जुलैत रायते परीक्षा. तुमाले माहीत नसन म्हणून सांगतो.”

तर असा मी. आणि आता क्रेडिटचा जमाना आलाय. परवा बहिणीची नात मोबाईल घेऊन आली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेच्या एका वर्षाचे १२०० तास धरलेत, त्याचे ४० क्रेडिट. म्हणजे ३० तासांना एक. नुसतं वर्गातलं नाही, हाताचं काम, खेळ, कला, सगळं त्यात मोजायचं. दिवाणजीला भागाकार चांगला येतो. मी म्हटलं, “हे तर आपल्या वर्धा जिल्ह्यातलंच आहे!” आणि या एका वेळी मी खरंच बरोबर होतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती बसली आणि नई तालीमचं वेळापत्रक निघालं. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हस्तोद्योग. मातृभाषेला ४० मिनिटं. संगीत, चित्रकला, गणित मिळून ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि विज्ञानाला अर्धा तास. कवायत १० मिनिटं आणि सुट्टी १० मिनिटं. पोराच्या हाताला आधी काम, मग पुस्तक. पुढे तो प्रयोग मागे पडला, लेखी पेपर मोठा झाला, आणि आता शहाण्या माणसांच्या समित्या पुन्हा म्हणतात की हाताच्या कामाचे गुण दिले पाहिजेत. आमच्या प्राथमिक शाळेत टकळीचा तास होता. तेव्हा त्याचा एक गुण मिळाला नाही. पन्नास वर्षांनी माझी वेळ आली होती.

नातीला म्हटलं, “थांब, तुला सूत कातायला शिकवतो. तीस तास कात, एक क्रेडिट खिशात.” माळ्यावरून टकळी काढली, पेळू कुठून आणणार म्हणून उशीतला कापूस ओढला. डाव्या हाताने कापूस वर धरला, उजव्या हाताने टकळीला मांडीवर पीळ दिला. दोन इंच सूत आलं, तिसऱ्या इंचाला तुटलं आणि टकळी सुसाट जाऊन बायकोच्या फोडणीत पडली. नात म्हणाली, “आबा, याचं क्रेडिट कोणाला?”

मग तिने मोबाईलवर शासन निर्णयांची वेबसाइट उघडली, विभाग निवडला, तारीख टाकली. दहावीच्या गुणांचे निर्णय एकाखाली एक उभे राहिले, प्रत्येकाला लांबलचक सांकेतांक. ज्या कागदांवर मी आयुष्यभर दुकान मांडलं ते सगळे तिच्या अंगठ्याखाली होते, फुकट. मी त्यातला एक वाचायला घेतला. ‘उपरोक्त संदर्भाधीन शासन निर्णय या शासन निर्णयान्वये अधिक्रमित करण्यात येत असून...’ अर्ध्या पानानंतर पूर्णविराम आला तेव्हा मला कळलं, लोक मला का विचारतात. मी बरोबर सांगतो म्हणून नाही. मी छोट्या वाक्यात सांगतो म्हणून. मुंबईत एका सहीने नियम रद्द होतो. सिंदीत तो रद्द व्हायचा तर आधी टपरीवरचा मी रद्द व्हावा लागतो, आणि तो अधिकार कोणत्या खात्याकडे आहे हे कुठल्याच निर्णयात लिहिलेलं नाही. सुधारणा करणाऱ्यांनी जुने नियम काढताना एक ओळ वाढवावी, अशी माझी नम्र सूचना आहे: काय बदललं ते टपरीवर वाचून दाखवता येईल अशा भाषेत लिहावं. नाहीतर माझ्यासारखे बेरोजगार होत नाहीत.

मी स्वतःपुरती सुरुवात केली. रात्री बसून रीतसर निर्णय लिहिला:

‘प्रस्तावना: सदर काका यांनी वेळोवेळी दिलेल्या सल्ल्यांमुळे उद्भवलेली परिस्थिती विचारात घेता त्यांना अद्ययावत करण्याचा प्रयत्न करण्यात आला, तथापि तो यशस्वी झाला नाही. निर्णय: १) काका यांनी यापूर्वी दिलेले सर्व सल्ले याद्वारे अधिक्रमित करण्यात येत आहेत. २) जुन्या सल्ल्यानुसार चालत असलेल्यांना सुधारण्यासाठी लगतच्या दोन संधी देण्यात येतील. ३) यापुढे शंका असल्यास थेट शाळेत विचारावे. ४) काका यापुढे मोकळे आहेत. सदर निर्णय तात्काळ अंमलात येईल.’

खाली सही केली आणि सकाळी टपरीच्या पत्र्यावर चिकटपट्टीने लावला. दुपारपर्यंत तीन जणांनी तो वाचला आणि त्याचा अर्थ विचारायला माझ्याच घरी आले. संध्याकाळी मी स्वतः बघायला गेलो, तर त्याच कागदाखाली ओळखीच्या अक्षरात आणखी एक कागद चिकटवलेला होता:

‘शुद्धिपत्रक: उपरोक्त निर्णयातील अनुक्रमांक ४ येथील “काका यापुढे मोकळे आहेत” याऐवजी “काका यापुढे दळण वेळेवर आणतील” असे वाचावे. आदेशानुसार व नावाने.’

आजवरच्या सगळ्या निर्णयांपैकी एवढा एकच मला वेळेत कळला, आणि एवढ्या एकाचीच अंमलबजावणी पहिल्या दिवसापासून चालू आहे.